अण्वस्त्रांच्या छायेतील निर्णयप्रक्रिया : मुंबई हल्ल्यानंतरचा भारताचा संयमाचा निर्णय (२००८-०९)

प्रस्तावना

मे १९९८ मध्ये ११ व १३ तारखेस भारताने पोखरण येथे आणि २८ व ३० तारखेस पाकिस्तानने बलुचिस्तानात अणुचाचण्या केल्या. त्यानंतर या दोन राष्ट्रांत जे गंभीर तणाव निर्माण झाले, त्या प्रत्येकावर अण्वस्त्रांची छाया राहिली आहे. कारगिल (१९९९), संसदेवरील हल्ल्यानंतरची सैन्याची जमवाजमव (२००१-०२), मुंबईवरील हल्ला (२००८), उरी (२०१६), पुलवामा (२०१९) आणि पहलगाम (२०२५) ही त्यातील ठळक उदाहरणे होत. अशा प्रसंगी शासन परराष्ट्र धोरणाचा निर्णय नेमका कसा घेते, निर्णय घेणारे किती व कोण असतात, त्यांच्यासमोर कोणती माहिती असते आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व पुढे कोणावर येते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाहीत.

प्रस्तुत निबंधात २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारत सरकारने लष्करी प्रत्युत्तर न देण्याचा जो निर्णय घेतला, तो केंद्रस्थानी ठेवला आहे. याची दोन कारणे आहेत. हा हल्ला महाराष्ट्राच्या राजधानीवर झाला, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, त्याचे राजकीय पडसाद मराठवाड्याच्या नेतृत्वावर थेट उमटले. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे दोघेही लातूर जिल्ह्याचे. देशमुख यांच्यानंतर मुख्यमंत्रिपदी आलेले अशोक चव्हाण नांदेडचे. या तीन नावांमुळे २००८ ची घटना आपल्या भागात बहुधा राजीनाम्यांची आणि खांदेपालटाची घटना म्हणून स्मरणात राहिली. तिच्यामागील परराष्ट्र धोरणाचा निर्णय मात्र दुर्लक्षित राहिला.

संकटकाळी शासन निर्णय कसे घेते, हा विषय किल्लारी परिसराला अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मदत, स्थलांतर व पुनर्वसन यांविषयी शासनाला अल्पावधीत निर्णय घ्यावे लागले. ते निर्णय योग्य होते की अयोग्य, याची साक्ष नव्याने वसलेली गावे आजही देतात. त्यांची तपासणी सामान्य ग्रामस्थही करू शकतो. अण्वस्त्रांच्या छायेतील निर्णयाचे स्वरूप याहून भिन्न आहे. तेथे यशस्वी निर्णयाची खूण म्हणजे काहीही न घडणे. जे घडलेच नाही, त्याचा पुरावा कोठे शोधावा, ही या विषयातील मूळ अडचण होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अण्वस्त्रसज्ज राष्ट्रांतील संघर्षाच्या वेळी भारतात निर्णय घेणाऱ्या यंत्रणेचे स्वरूप समजून घेणे.
२) १९६५, १९९९ व २००१-०२ च्या अनुभवांचा २००८ च्या निर्णयाशी असलेला संबंध तपासणे.
३) २००८-०९ मधील घटनाक्रम, पर्याय व कारणे यांचे विश्लेषण करणे.
४) या निर्णयाच्या उत्तरदायित्वाचा व ऐतिहासिक साधनांचा प्रश्न मांडणे.

गृहीतक

२००८ मधील संयम हा निर्णयाचा अभाव नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तथापि त्याची जाहीर चिकित्सा न झाल्याने त्याची राजकीय किंमत काही व्यक्तींनी प्रशासकीय अपयशाच्या नावाखाली चुकविली आणि मूळ निर्णय तपासणीबाहेर राहिला.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात सामान्यतः ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र संकटापासून होते. अमेरिका व सोव्हिएत संघ तेरा दिवस अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. ग्रॅहॅम ॲलिसन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संकटाचे तीन दृष्टिकोनांतून विवेचन केले. पहिल्या दृष्टिकोनात राष्ट्र हे एखाद्या विचारी व्यक्तीप्रमाणे लाभहानीचा हिशेब करून निर्णय घेते. दुसऱ्यात शासन हे अनेक संघटनांचा समूह असून प्रत्येक संघटना आपल्या ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार वागते. तिसऱ्यात निर्णय हा सत्तास्थानी असलेल्या व्यक्तींमधील मतभेद, आग्रह व तडजोड यांतून निष्पन्न होतो. तिसऱ्या दृष्टिकोनाचे सार सोप्या मराठीत सांगावयाचे तर, ज्याची जी खुर्ची त्याची ती बाजू. भारतातील उदाहरणाला हे तिन्ही दृष्टिकोन लावून पाहणे उद्बोधक ठरते.

क्युबाचे संकट ऐन भरात असतानाच २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने भारतावर आक्रमण केले, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या युद्धातील पराभवानंतर व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात तेव्हापासून म्हटले जाते. अण्वस्त्रधारी राष्ट्राच्या दडपणाखाली भारताने निर्णय घेण्याचा पहिला प्रसंग याच यशवंतरावांच्या कारकिर्दीत आला.

पूर्वानुभव : १९६५ ते २००२

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. पुढील वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब क्षेत्रात रणगाड्यांसह हल्ला केला, तेव्हा हवाई दलाचा वापर करण्यास यशवंतरावांनी त्याच दुपारी अल्पावधीत संमती दिली आणि सायंकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. युद्ध चालू असतानाच सप्टेंबरच्या मध्यास चीनने सिक्कीम-तिबेट सीमेवरील भारतीय लष्करी बांधकामे तीन दिवसांत हटविण्याचा निर्वाणीचा इशारा दिला. तोपर्यंत चीनने दोन अणुचाचण्या केल्या होत्या. भारताकडे अण्वस्त्र नव्हते. लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारने इशाऱ्यापुढे मान तुकविली नाही, परंतु दुसरी आघाडी उघडण्यास निमित्तही दिले नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार युद्धबंदी स्वीकारली. या काळातील यशवंतरावांच्या दैनंदिनीतील नोंदी त्यांचे तत्कालीन स्वीय सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. निर्णयकर्त्याच्या मनातील शंका, सहकाऱ्यांविषयीची मते व दिवसागणिक बदलणारी परिस्थिती यांचे दर्शन घडविणारे असे साधन भारतीय इतिहासलेखनात दुर्मीळ आहे.

१९९९ चे कारगिल युद्ध हा दोन्ही देश अण्वस्त्रसज्ज झाल्यानंतरचा पहिला सशस्त्र संघर्ष. मे महिन्याच्या अखेरीस अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने हवाई दल वापरण्याचा निर्णय घेतला, पण नियंत्रण रेषा ओलांडू नये अशी अट घातली. या अटीमुळे लष्कराचे काम अवघड झाले. तथापि आंतरराष्ट्रीय मत भारताच्या बाजूने वळले आणि ४ जुलै १९९९ रोजी वॉशिंग्टन येथे नवाझ शरीफ यांना माघारीस मान्यता द्यावी लागली. स्वतःहून स्वीकारलेली मर्यादा हे राजनैतिक सामर्थ्याचे साधन होऊ शकते, हा कारगिलचा धडा होता.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाल्यावर याच्या उलट मार्ग अवलंबिला गेला. ‘ऑपरेशन पराक्रम’ अंतर्गत सुमारे पाच लाख सैन्य सीमेवर नेण्यात आले. मुख्य आक्रमक तुकड्या जागेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तोपर्यंत पाकिस्तानने आपले सैन्य हलविले होते, अमेरिकेचे दडपण वाढले होते आणि १२ जानेवारी २००२ रोजी जनरल मुशर्रफ यांचे दहशतवादविरोधी आश्वासनांचे भाषणही झाले होते. मे २००२ मध्ये कालूचक येथील हल्ल्यानंतर पुन्हा युद्धाची वेळ आली व टळली. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. प्रत्यक्ष युद्ध न होताही सुरुंग पेरताना व अन्य अपघातांत शेकडो जवानांनी प्राण गमावले. ॲलिसन यांच्या दुसऱ्या दृष्टिकोनाचे हे ठळक उदाहरण होय. राजकीय नेतृत्वाला त्वरित दडपण आणावयाचे होते, पण लष्करी संघटनेची कार्यपद्धती मोठ्या व संथ युद्धासाठी घडलेली होती.

निर्णय घेणारी यंत्रणा

अणुचाचण्यांनंतर नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली व राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद निर्माण झाले. ४ जानेवारी २००३ रोजी अण्वस्त्रविषयक सिद्धान्त जाहीर करण्यात आला. अण्वस्त्राचा प्रथम वापर न करणे हे त्याचे मुख्य सूत्र असून, वापराचा अधिकार अण्वस्त्र नियंत्रण प्राधिकरणाच्या राजकीय परिषदेकडे, म्हणजेच अंतिमतः पंतप्रधानांकडे ठेवलेला आहे. तथापि संकटकाळातील दैनंदिन निर्णय या प्राधिकरणात होत नाहीत. ते मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतात.

नोव्हेंबर २००८ मध्ये या समितीत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग, परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी, संरक्षणमंत्री ए. के. अँटनी, गृहमंत्री शिवराज पाटील आणि अर्थमंत्री पी. चिदंबरम असे पाच सदस्य होते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन, परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन, तिन्ही दलांचे प्रमुख व गुप्तवार्ता संस्थांचे प्रमुख हे सल्लागाराच्या भूमिकेत होते. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाचा युद्ध वा शांततेचा निर्णय एका मेजाभोवती बसू शकतील एवढ्या व्यक्तींच्या हाती होता, ही वस्तुस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे.

२६ नोव्हेंबर २००८ नंतरचा घटनाक्रम

हल्ल्यापूर्वीचा आठवडा वरकरणी सौहार्दाचा होता. २२ नोव्हेंबर रोजी पाकिस्तानचे अध्यक्ष आसिफ अली झरदारी यांनी दिल्लीतील एका परिषदेत दूरचित्र माध्यमातून बोलताना पाकिस्तान अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, असे विधान केले होते. पाकिस्तानी लष्कराच्या आजवरच्या भूमिकेला छेद देणारे हे विधान होते. २६ नोव्हेंबर रोजी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी दिल्लीत होते आणि भारताचे गृहसचिव चर्चेसाठी पाकिस्तानात गेलेले होते. त्याच रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताज व ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेले आणि नरिमन हाऊस येथे हल्ले केले. २९ नोव्हेंबरच्या सकाळी कारवाई संपली. या हल्ल्यात १६६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

या घटनाक्रमातील एका गोष्टीचे परराष्ट्र धोरणाच्या दृष्टीने असलेले महत्त्व पुरेसे लक्षात घेतले जात नाही. गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून अजमल कसाब यास जिवंत पकडणे शक्य केले. जिवंत आरोपी, त्याचा जबाब आणि हल्लेखोर व त्यांचे सूत्रधार यांच्यातील ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषण यांमुळे भारताच्या हाती नाकारता न येणारा पुरावा आला. पुराव्याच्या बळावर जगाला आपल्या बाजूस वळविण्याचा राजनैतिक पर्याय यामुळे व्यवहार्य झाला. दिल्लीतील मेजावर जो पर्याय ठेवला गेला, त्याची पायाभरणी मुंबई पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या बलिदानाने झाली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

अपुरी व चुकीची माहिती संकटात किती घातक ठरू शकते, याचेही उदाहरण याच दिवसांत घडले. २८ नोव्हेंबर रोजी प्रणव मुखर्जी यांच्या नावाने कोणीतरी झरदारी यांना दूरध्वनी करून युद्धाची धमकी दिली. पाकिस्तानने हवाई दलास सज्जतेचे आदेश दिले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी मुखर्जी यांच्याशी संपर्क साधून खातरजमा केली तेव्हा असा दूरध्वनी त्यांनी केलेलाच नव्हता, हे स्पष्ट झाले. दोन अण्वस्त्रसज्ज राष्ट्रांमधील शांतता काही तास एका तोतया आवाजावर अवलंबून होती.

पाकिस्तानने आपल्या गुप्तवार्ता संस्थेच्या प्रमुखास भारतात पाठविण्याचे प्रथम मान्य केले आणि लगेच ते मागे घेतले. मुलकी सरकारच्या शब्दाला लष्कराच्या संमतीवाचून किंमत नाही, हे दिल्लीस यातून उमगले. ३ डिसेंबर रोजी राइस दिल्लीत आल्या. १० डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या समितीने हाफिज सईद, झकीउर रहमान लखवी आदींची नावे निर्बंधांच्या यादीत घातली. ५ जानेवारी २००९ रोजी भारताने पुराव्यांची कागदपत्रे पाकिस्तानच्या स्वाधीन केली. कसाब आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानने ७ जानेवारीस मान्य केले आणि १२ फेब्रुवारीस कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याची कबुली दिली. या सर्व काळात १९८८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारीस होणारी अणुप्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण २००९ मध्येही खंडित झाली नाही. संघर्ष आणि सावधपणा हे दोन्ही एकाच वेळी चालू होते.

पर्याय व निर्णय

शासनासमोर स्थूलमानाने चार पर्याय होते : सैन्याची जमवाजमव, प्रशिक्षण तळांवर मर्यादित हवाई हल्ला, गुप्त कारवाई आणि राजनैतिक दडपण. २००२ च्या अनुभवामुळे पहिल्या पर्यायास फारसे समर्थन नव्हते. खरा प्रश्न दुसऱ्या पर्यायाचा होता.

या निर्णयाविषयी सर्वांत सविस्तर विवेचन शिवशंकर मेनन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. परराष्ट्र सचिव या नात्याने आपण स्वतः त्या वेळी तत्काळ व दृश्य प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता, असे ते सांगतात. परंतु सर्व पर्याय तपासल्यानंतर, हल्ला न करण्यात अधिक लाभ आहे, असा निष्कर्ष सर्वोच्च स्तरावर काढण्यात आला आणि मागे वळून पाहता तो योग्य होता, असे त्यांचे मत आहे. त्यांनी दिलेली कारणे प्रामुख्याने राजकीय व आर्थिक स्वरूपाची आहेत. हल्ला केल्यास जगाचे लक्ष मुंबईवरून हटून भारत-पाकिस्तान वादाकडे गेले असते. पाकिस्तानी जनता आपल्या लष्करामागे एकवटली असती आणि नुकतेच निवडून आलेले मुलकी सरकार दुर्बळ झाले असते. तळांवरील हल्ल्याने दहशतवादी संघटनेची फारशी हानी झाली नसती. जागतिक आर्थिक अरिष्टाच्या त्या वर्षी युद्धाचा खर्च अर्थव्यवस्थेस पेलणारा नव्हता.

याविरुद्ध साक्षही उपलब्ध आहे. माजी हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत बोलताना सांगितले की, २००८ मध्ये हवाई दलाने हल्ल्याचा प्रस्ताव दिला होता. तो सरकारने स्वीकारला नाही. चिदंबरम यांनी २०२५ मध्ये एका मुलाखतीत, प्रत्युत्तराचा विचार आपल्याही मनात आला होता, परंतु आंतरराष्ट्रीय दडपण आणि परराष्ट्र मंत्रालयाचे मत यांचा प्रभाव निर्णयावर पडला, असे नमूद केले.

या तीन साक्षी परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. मेनन यांच्या कथनात निर्णय हा लाभहानीच्या विवेकी हिशेबाचा परिपाक आहे. धनोआ यांच्या कथनात सज्ज असलेल्या दलास परवानगी नाकारली गेली. चिदंबरम यांच्या कथनात बाह्य दडपण व एका मंत्रालयाचे मत निर्णायक ठरले. पहिली साक्ष परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याची, दुसरी हवाई दलप्रमुखाची, तिसरी संकटाच्या मध्यास गृहखाते हाती घेतलेल्या मंत्र्याची आहे. शिवाय तिन्ही घटनेनंतर आठ ते सतरा वर्षांनी दिलेल्या आहेत. म्हणून यांपैकी कोणतीही एक साक्ष संपूर्ण सत्य मानता येत नाही. तिन्हींचा समान गाभा मात्र निश्चित आहे : लष्करी पर्यायाचा विचार झाला आणि तो जाणीवपूर्वक बाजूस ठेवण्यात आला.

अण्वस्त्रांचे स्थान यात कोणते? त्यांनी सर्वच लष्करी कारवाई अशक्य केली, असे म्हणता येत नाही. २०१६, २०१९ व २०२५ मध्ये भारताने नियंत्रण रेषा वा सीमा ओलांडून कारवाई केलीच. अण्वस्त्रांमुळे पर्यायांवर एक कमाल मर्यादा पडली. मोठे युद्ध आवाक्याबाहेर गेले आणि छोट्या कारवाईचे मोठ्या युद्धात रूपांतर होण्याचा धोका प्रत्येक हिशेबात धरणे भाग पडले. छोट्या कारवाईचा लाभ कमी आणि धोका मात्र अमर्याद, अशा परिस्थितीत २००८ च्या सरकारने पुराव्याचा मार्ग निवडला.

निर्णयाची किंमत व मराठवाडा

३० नोव्हेंबर २००८ रोजी शिवराज पाटील यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. चिदंबरम गृहमंत्री झाले व अर्थखाते पंतप्रधानांकडे गेले. म्हणजेच पाच सदस्यांच्या समितीतील एक सदस्य गेला, एकाचे खाते बदलले आणि पंतप्रधानांवर आणखी एका खात्याचा भार आला. तोही कारवाई संपून जेमतेम एक दिवस झाला असताना. युद्ध वा शांततेचा विचार करणाऱ्या गटाची रचना ऐन संकटात बदलली, याचा निर्णयावर कोणता परिणाम झाला, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. राज्यात उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १ डिसेंबरला राजीनामा दिला. ताज हॉटेलच्या पाहणीच्या वेळी सोबत असलेल्या व्यक्तींवरून टीका झालेल्या विलासरावांनाही पद सोडावे लागले. ८ डिसेंबर रोजी अशोक चव्हाण यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

चाकूर, बाभळगाव आणि नांदेड यांना जोडणारा हा सत्ताबदल मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात महत्त्वाचा आहे. पण त्याचा अर्थ परराष्ट्र धोरणाच्या संदर्भात लावला पाहिजे. जनतेचा संताप तीव्र होता आणि त्याला दृश्य उत्तर हवे होते. सीमेपलीकडे उत्तर द्यावयाचे नाही असे ठरत असताना सीमेच्या आत उत्तर देणे शासनाला अपरिहार्य झाले. राजीनामे, राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा व बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्ती हे ते उत्तर होते. सागरी सुरक्षा, गुप्तवार्ता व पोलीस यंत्रणेतील त्रुटींबद्दल संबंधित मंत्र्यांचे उत्तरदायित्व होतेच; ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि संयमाचा निर्णय संपूर्ण समितीचा होता आणि त्यामुळे निर्माण झालेली पोकळी काही व्यक्तींच्या राजीनाम्यांनी भरून काढली गेली. पुढे विलासराव मे २००९ मध्ये केंद्रीय मंत्री झाले, तर शिवराज पाटील जानेवारी २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. नैतिक जबाबदारीची ही पद्धत निर्णयाची चिकित्सा करीत नाही. ती चिकित्सेची जागा घेते.

साधनांचा प्रश्न

कारगिल युद्ध संपताच २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवण्यात आला. २००८ नंतर केंद्र शासनाने अशी समिती नेमली नाही. महाराष्ट्र शासनाने मात्र डिसेंबर २००८ च्या अखेरीस दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते राम प्रधान. यशवंतरावांची दैनंदिनी जतन करणारे तेच हे प्रधान. पण या समितीची कार्यकक्षा राज्याच्या यंत्रणेपुरती मर्यादित होती. केंद्रीय गुप्तवार्ता संस्था व दिल्लीतील निर्णय तिच्या कक्षेबाहेर होते. परिणामी १९६५ च्या निर्णयकर्त्याचे मन आपण वाचू शकतो, १९९९ च्या त्रुटी आपण वाचू शकतो, २००८ च्या मुंबई पोलिसांच्या उणिवाही वाचू शकतो. परंतु त्या वर्षी सुरक्षाविषयक समितीच्या बैठकीत काय घडले, हे केवळ आठवणींवरून जाणावे लागते.

११ डिसेंबर २००८ रोजी लोकसभेत चर्चा झाली. पंतप्रधानांनी हल्ला रोखता न आल्याबद्दल देशाची क्षमा मागितली आणि मुखर्जी यांनी युद्ध हा उपाय नसल्याचे सांगितले. परंतु कोणते पर्याय तपासले व ते का नाकारले, हे सदनास सांगण्यात आले नाही. संकट चालू असताना संदिग्धता राखणे हे राजनयाचे मान्य साधन आहे. सर्व पर्याय खुले असल्याचे संकेत त्याच महिन्यात दिले जात होते, ते याच हेतूने. पण संकट संपल्यानंतरही ते मौन कायम राहिले. माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली करण्याची तरतूद असली, तरी राष्ट्रीय सुरक्षा व मंत्रिमंडळाची कागदपत्रे यांचा अपवाद त्यानंतरही टिकून राहतो. सार्वजनिक अभिलेखांच्या नियमांतील पंचवीस वर्षांची मुदत धरली, तर २००८ च्या धारिका २०३३ नंतर अभिलेखागारात येण्याची अपेक्षा करता येईल. तेव्हाही त्या खुल्या होतीलच, याची हमी नाही.

याचा परिणाम केवळ संशोधकांपुरता नाही. २०१९ मध्ये पुलवामा येथे बुलढाणा जिल्ह्यातील दोन जवान हुतात्मा झाले; २०२५ मध्ये पहलगाम येथे महाराष्ट्रातील सहा पर्यटकांची हत्या झाली. दोन्ही वेळी भारताने लष्करी प्रत्युत्तर दिले आणि दोन्ही वेळी २००८ च्या संयमाचा उल्लेख, कोणी भ्याडपणा म्हणून तर कोणी शहाणपण म्हणून, राजकीय वादात झाला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंकडे मूळ कागद नव्हते. जो निर्णय तपासला गेला नाही, त्याचे घोषणेत रूपांतर होते.

निष्कर्ष

१) २००८ मधील संयम हा निर्णयाचा अभाव नव्हता. लष्करी पर्याय विचारात घेऊन तो नाकारण्यात आला, याविषयी परस्परविरोधी साक्षींतही एकवाक्यता आहे.

२) या निर्णयास १९९९ व २००१-०२ च्या अनुभवांची पार्श्वभूमी होती. मर्यादेचे राजनैतिक मोल कारगिलने आणि जमवाजमवीची निष्फळता ‘पराक्रम’ने दाखवून दिली होती.

३) अण्वस्त्रांनी निर्णय ठरविला नाही, त्यांनी पर्यायांची कमाल मर्यादा ठरविली. त्या मर्यादेत निवड करण्याचे स्वातंत्र्य शासनाकडे होते, म्हणून तिचे उत्तरदायित्वही शासनाकडेच राहते.

४) उपलब्ध माहितीच्या आधारे २००८ चा निर्णय समर्थनीय वाटतो. पाकिस्तानची कबुली व आंतरराष्ट्रीय निर्बंध हे त्याचे प्रत्यक्ष फलित होते. परंतु हल्ल्याच्या सूत्रधारांना पाकिस्तानात यथोचित शासन झाले नाही आणि अशा हल्ल्यांना पायबंद बसला नाही, ही त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे.

५) या निर्णयाची राजकीय किंमत व्यक्तींच्या राजीनाम्यांनी चुकविली गेली आणि निर्णयप्रक्रिया तपासणीबाहेर राहिली. प्रत्येक अण्वस्त्र-संकटानंतर ठरावीक मुदतीत स्वतंत्र आढावा घेऊन त्याचा शक्य तो भाग संसदेसमोर ठेवण्याची प्रथा कारगिलनंतर सुरू झाली होती. ती पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे.

निर्णय मोजक्या व्यक्तींनी घ्यावेत, ही अणुयुगाची अपरिहार्यता असू शकेल. त्या निर्णयांचा इतिहासही मोजक्या व्यक्तींच्या आठवणींवर सोडावा, अशी कोणतीही अपरिहार्यता नाही.